ती फाइल तुम्ही पाहिली नव्हती

ताई, तुमच्या शोकसभेत साहेब रडले.

ऑफिसच्या हॉलमध्ये टेबलावर तुमचा फोटो ठेवला होता. ओळखपत्रावरचाच, मोठा करून आणलेला, त्यामुळे कडा पुसट झालेल्या. झेंडूचा हार घातला होता. दोन मिनिटं मौन झालं, त्यातही कुणाचा तरी मोबाइल वाजला. मग साहेब उठले, म्हणाले, "मंदाजी इस दफ़्तर की कसौटी थीं," आणि खिशातून रुमाल काढला. मी तिसऱ्या रांगेत होतो. ज्या माणसानं तुम्हाला दोन वर्षांपूर्वी तपासणीच्या टेबलावरून उठवून रेकॉर्ड रूममध्ये धाडलं, तोच हा माणूस. वाटलं, उठावं आणि तो रुमाल हिसकावून घ्यावा. उठलो नाही. आयत्या वेळी उठणाऱ्यातला मी नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे.

सभेनंतर चहा झाला, समोसे झाले, आणि साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर एक टाइप केलेला कागद सरकवला. माझ्या नावानं जबाब तयार होता, फक्त सही बाकी. टहरौलीकडच्या त्या दोन गावांच्या नळांच्या अहवालाची तपासणी मंदाकिनीजींनी स्वतः केली आणि मी त्यांच्या सांगण्यावरून त्यांच्या वतीनं सही केली, एवढंच त्यात होतं. "अब उनका तो कोई कुछ बिगाड़ नहीं सकता," साहेब म्हणाले. "आपकी तो अभी बरसों की नौकरी बाकी है, शिरीषजी." अर्ध्या तासापूर्वीचा रुमाल आता केबिनच्या टेबलावर पडला होता.

ती फाइल तुम्ही पाहिलीच नव्हती. हे साहेबांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. तुम्हाला होतं.

मी कागद घडी करून खिशात घातला, म्हटलं, "सोचकर बताता हूँ." बघा, तेव्हाही नाही म्हणालो नाही. सोचकर बताता हूँ. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खायचं की नाही, याचा विचार करून सांगतो म्हणालो.

एकदा माझ्या बायकोनं तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही दोघं नेमकं करता काय? ऑडिट म्हटलं की तिला आकडेमोडच वाटायची. तुम्ही पोळीचा घास हातात धरून म्हणालात, "सरकारनं अमुक केलं म्हणतात, ते खरंच केलं का हे बघायला काही लोक गावोगाव जातात. शिरीष त्यातला. आणि ते लोक खरंच गेले होते का, त्यांनी जे लिहिलं ते खरंच पाहिलं का, हे बघायला मी बसते." एवढ्या सोप्या शब्दांत ते मला कधी सांगता आलं नाही. आता ऑफिसच्या कागदांत त्याला गुणवत्ता नियंत्रण म्हणतात आणि त्याचा एक तक्ता आहे. प्रश्नांपुढे होय किंवा नाही अशी खूण करायची. तो तक्ता तुम्ही पहिल्यांदा पाहिलात तेव्हा विचारलंत, "यात नाहीला जागा कशाला ठेवलीय? कोण लिहिणार आहे?"

तुमची पद्धत सगळ्यांना नकोशी होती, मलाही. ज्यानं अहवाल लिहिला त्याला समोर बसवायचं. पेन्सिल घ्यायची. पहिल्या वाक्यावर टोक ठेवायचं आणि म्हणायचं, "पान दाखव." म्हणजे हे वाक्य ज्या कागदावर उभं आहे तो कागद फाइलमध्ये कुठे आहे ते दाखव. पान दाखवलं की समासात त्याचा नंबर. नाही दाखवलं की वाक्यावर काट. साहेबांचं वाक्य असलं तरी काट. पन्नास पानांच्या अहवालाला चार-चार दिवस. लोक म्हणायचे, "मंदाजी के सामने बैठना मतलब थाने में बैठना." तुम्हाला ते कळलं होतं आणि आवडलंही होतं. नाही म्हणू नका.

माझा पहिला आक्षेप आठवतो? एका मुलींच्या शाळेत स्वच्छतागृह बांधून कुलूप लावून ठेवलंय, मुली बाहेर जातात, असं मी लिहिलं होतं. तिखट भाषेत लिहिलं होतं, नवा होतो. तुम्ही पेन्सिल ठेवली. "कुलूप तू पाहिलंस?" म्हटलं, शिपायानं सांगितलं. "शिपायाचं नि मुख्याध्यापिकेचं पटतं का?" मला काय माहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला बसमध्ये घालून तिथं नेलंत. दोन तास जायला, दोन तास यायला, आणि उन्हाळा आपल्या झाशीकडचा. स्वच्छतागृह उघडं होतं, धुतलेलं होतं, दाराशी मुलींची रांग होती. शिपायाची रजा बाईंनी नाकारली होती, एवढंच प्रकरण. त्या बाईंनी आपल्याला ताक दिलं. त्यांना कळलंही नाही की माझ्या एका वाक्यानं त्यांची नोकरी जाणार होती. परतताना तुम्ही खिडकीला डोकं टेकून झोपलात. मी मात्र जागा होतो आणि त्या दिवसापासून तुमचा झालो. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला काय झालं होतं?

तुमचं घराणं इथलं, किती पिढ्या ते तुम्हीही मोजत नव्हता. मी कारखान्याच्या कॉलनीत वाढलेला, वडील नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेले. तुम्ही कपाटाला फडताळ म्हणायचात, रजईला दुलई, आणि मी हसलो की म्हणायचात, "हस हस. तुझं मराठी कॉलनीतलं, अर्धं हिंदीत भिजवलेलं." पण ऑफिसात आपण दोघंच एकमेकांशी मराठीत बोलायचो, आणि लोकांना वाटायचं, दोघं मिळून काहीतरी शिजवताहेत. तुम्ही मोठ्यानं म्हणायचात, "साबूदाने की खिचड़ी पक रही है, खाओगे?" सीपरी बाज़ारातल्या तुमच्या घरी कुमुदताई खरंच ती करून डब्यात द्यायच्या, माझ्या वाटणीची वेगळी. दोघी बहिणींचं घर आणि त्यात माझी एक वाटी ठरलेली.

आता रागाचं बोलू. मला तुमचा राग आहे, ताई. साहेबांनी तुम्हाला तोंडी सांगितलं, "मंदाजी, आप कुछ दिन रेकॉर्ड रूम देख लीजिए, जाँच का काम शिरीषजी देख लेंगे." अहवाल वेळेत जात नव्हते, वरून फोन येत होते. तुम्ही पेन्सिल, पट्टी, चष्म्याची डबी उचललीत आणि खाली गेलात. सगळ्या दुनियेकडे कागद मागणारी बाई, स्वतःच्या बदलीचा कागद मागायचा विसरली? की मागायचा नव्हता? अभिमान होता तुम्हाला. लेखी मागितलं असतं तर साहेबांनी दिलं नसतं आणि तुम्ही टेबलावर राहिला असता. आणि दिलं असतं, तर निदान कागदावर तरी तुमच्या जागी माझं नाव आलं असतं. आजही ऑफिसच्या आदेशात तपासणी अधिकारी म्हणून तुमचंच नाव आहे. त्याच खुंटीला साहेब हे लोढणं अडकवू बघताहेत.

आणि माझा राग. मी त्या खुर्चीत बसलो. तुमची खुर्ची, तुमची शाईची गादी, तुमच्या नावाचा शिक्काही ड्रॉवरमध्ये राहिलेला. आदेश तुमच्या नावाचा, म्हणून तक्त्यावर शिक्का तुमचाच मारायचा आणि वर बारीक अक्षरात कृते लिहून मी सही करायची. कृते, म्हणजे त्यांच्या वतीनं. सरकारी कचेऱ्यांत रोज शेकडो कागदांवर लिहितात, कुणी त्याचा अर्थ मनाशी आणत नाही. पहिला महिना मी तुमच्यासारखं केलं. समोर बसवलं, पान मागितलं. मग साहेब म्हणाले, तुम्हीही मंदाजीच निघालात. मग मी फक्त अवघड जागा बघू लागलो. मग फक्त पहिलं नि शेवटचं पान. मग पचौरीचा अहवाल आला.

पचौरी माझ्याहून लहान, मला भैया म्हणतो, माझ्या मुलाच्या मुंजीत पंगत वाढायला उभा होता. त्याच्या चमूनं दोन गावांत जाऊन घराघरांतले नळ उघडून बघायचे होते, पाणी येतं का, आणि गावातल्या पाच माणसांसमोर पाहणीची नोंद करून त्यांच्या सह्या घ्यायच्या. दोन्ही गावांत नळ चालू, पाणी पुरेसं, असा अहवाल. मी फाइल उघडली नाही. तक्त्यावर ओळीनं होय, होय, होय केलं, तुमचा शिक्का मारला, कृते लिहिलं. त्या दिवशी मला लवकर घरी जायचं होतं. कारणसुद्धा आठवत नाही आता.

काही महिन्यांनी फाइल रेकॉर्ड रूममध्ये उतरली आणि तुमच्या हातात पडली. पानांना नंबर घालायचं काम तुमचं. नंबर घालता घालता तुम्ही वाचलंत, कारण न वाचता नंबर घालणं तुम्हाला येतच नव्हतं. दोन्ही गावांच्या नोंदींत पंच तेच पाच, तारीख तीच, वेळ साडेअकरा. दोन गावांमध्ये तासाभराचा रस्ता. आणि त्या पाचांतली रामकली पहिल्या गावात अंगठा उठवते, तर त्याच घटकेला दुसऱ्या गावात ठसठशीत अक्षरात सही करते. पचौरी दुसऱ्या गावी गेलाच नव्हता. पहिल्या गावातल्या चहाच्या टपरीवर बसून त्यानं दुसऱ्याची नोंद केली होती आणि घाईत रामकलीला अंगठा आहे हे विसरला होता. आणि त्याच्या खाली तुमचं नाव.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला नेहमीसारखा स्कूटरवरून सोडत होतो. इलाइट चौराह्याच्या अलीकडे तुम्ही मागून सगळं सांगितलंत, सावकाश, नोंद वाचून दाखवावी तसं. मी म्हटलं, "ताई, कृते लिहिलंय. सगळेच करतात."

"कृते म्हणजे माझ्यासाठी. माझ्यासाठी तू काय केलंस, शिरीष?"

"पचौरी आपला माणूस आहे. मी विश्वास ठेवला."

"विश्वास ठेवायचा तर त्या खुर्चीत माणूस बसवायचाच कशाला?"

मला राग आला. मी म्हणालो, तुम्हाला टेबलावरून काढलं त्याचं उट्टं माझ्यावर काढताय. म्हणालो, तुमच्या पेन्सिलीपायी अहवाल सहा-सहा महिने अडकून पडायचे, तेवढ्यात काय त्या गावांत पाणी पोचत होतं? तुम्हाला लोकांचं काही पडलेलं नाही, फक्त आपल्या नावाचं पडलंय. हे मी म्हणालो. ट्रॅफिकमध्ये, मागे न बघता, आजूबाजूचे ऑटोवाले ऐकतील इतक्या मोठ्यानं.

तुम्ही म्हणालात, "गाडी थांबव." थांबवली. तुम्ही उतरलात, साडी सारखी केलीत आणि म्हणालात, "सोमवारपर्यंत साहेबांना तू सांग. तू सांगितलंस तर ती चूक राहील. मी सांगितलं तर तुझा गुन्हा होईल. म्हणून मी सांगणार नाही." आणि ऑटोत बसलात.

सोमवार आला. पुढचाही आला. मी मूग गिळून बसलो. तीन महिने. ऑफिसच्या जिन्यात तुम्ही दिसलात की मी मोबाइल कानाला लावायचो. तुम्ही एकदाही आठवण केली नाहीत, एकदाही तोंड वाकडं केलं नाहीत. डबा मात्र बंद झाला. ते बरोबरच होतं. आणि तुम्ही वर लिहिलंही नाहीत. का नाही लिहिलंत? आयुष्यभर कुणाचं एक वाक्य सोडलं नाहीत आणि माझी आख्खी फाइल सोडलीत. माझ्या एका सोमवारसाठी थांबलात. मला हे सहन होत नाही, ताई. तुम्ही मला साहेबांपुढे उघडं पाडलं असतं तर आज मी तुम्हाला शिव्या दिल्या असत्या आणि सुखानं झोपलो असतो.

तुम्हाला दवाखान्यात नेल्याचं कळलं तेव्हा मी दोन दिवस जायचं टाळलं. तिसऱ्या दिवशी गेलो तर तुम्ही कुणाला ओळखत नव्हता. कुमुदताई म्हणाल्या, "बोल तिच्याशी, ऐकू येत असेल." मी म्हणालो, "ताई, लवकर बऱ्या व्हा." एवढंच. ऐकू आलं असेल तर तुम्ही मनात काट मारली असेल.

त्याच आठवड्यात वरिष्ठ कार्यालयाचं पत्र आलं. दुसऱ्या गावातल्या लोकांनी अर्ज केला होता की आमच्या नळांना कधी पाणी आलं नाही आणि तपासायला कुणी फिरकलं नाही. पत्रात विचारलं होतं, या अहवालाची गुणवत्ता तपासणी कोणी केली? साहेबांची पाचावर धारण बसली. तुमचं तेरावं होईपर्यंत थांबले. मग शोकसभा, रुमाल आणि तो कागद.

कागद खिशात घेऊन दुसऱ्या दिवशी मी त्या गावी गेलो. कुणी पाठवलं नव्हतं, रजा टाकून गेलो. भिंतींना नळ आहेत. काहींच्या तोट्यांवर कपडे वाळत होते. एका घरात म्हाताऱ्यानं तोटी फिरवून दाखवली, आतून कोळ्याचं जाळं निघालं. म्हटलं, "दादा, कोणी बघायला आलं होतं का?" तो म्हणाला, "इतै कोऊ नईं आओ, साहब. तुमई पैले आए." वर्षभरानं, अहवाल पोचून, निकालात निघून, मी पहिला. त्यानं मला बसायला खाट दिली आणि बायकोला पाणी आणायला सांगितलं. ती घागर घेऊन हँडपंपाकडे निघाली तेव्हा मी नको म्हणून पळालो.

परत येऊन मी माझा जबाब हातानं लिहिला. शिक्का मंदाकिनीजींचा, सही माझी. त्या वेळी त्या तोंडी आदेशानं रेकॉर्ड रूममध्ये होत्या. फाइल त्यांना दाखवली नव्हती. मीही वाचली नव्हती. खोटी नोंद त्यांनीच पकडली आणि अमुक दिवशी मला सांगितली, मी तीन महिने दडवली. एक प्रत आवकमध्ये देऊन शिक्का घेतला, दुसरी रजिस्टर पोस्टानं वर पाठवली, म्हणजे पहिली हरवली तरी चालेल. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला. "आपने अपने पैर पर कुल्हाड़ी मार ली," म्हणाले. त्यांनी पुन्हा रुमाल काढला नाही. पचौरी जिन्यात भेटला. मी भैया ऐकायच्या तयारीत होतो. तो म्हणाला, "एक मरी हुई औरत के लिए तीन ज़िंदा आदमी फँसा दिए आपने." त्याच्या घरी दोन लहान मुलं आहेत, मी त्यांना ओळखतो.

चौकशी लागेल. बढती जाईल, कदाचित नोकरीही. हे शौर्य म्हणून सांगत नाही. जे काम तीन महिन्यांपूर्वी एका सोमवारी दहा मिनिटांत झालं असतं, ते तुम्ही गेल्यावर केलं, तेही साहेबांनी तुमच्या गळ्यात मारायला घेतलं म्हणून. नुसतं पत्र आलं असतं आणि तुमचं नाव मध्ये नसतं, तर मी बोललो असतो का? मला माहीत नाही. माहीत असतं तर लिहिलं असतं.

कुमुदताईंना ऑफिसमधून उडत उडत काही कळायच्या आधी मी सांगावं, म्हणून काल सीपरी बाज़ारात गेलो. त्या तुमचं फडताळ आवरत होत्या, साड्यांच्या घड्या खाटेवर मांडलेल्या. मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं. कृतेपासून हँडपंपापर्यंत. इलाइट चौराह्यावर जे बोललो तेही. त्या हातातली साडी तशीच धरून ऐकत राहिल्या.

"तिला सगळं ठाऊक होतं?"

"होतं."

"तिच्याकडे माफी मागितलीस?"

"नाही."

"तीन महिने एका इमारतीत होतात."

"हो."

"मग आता माझ्याकडे मागू नकोस," त्या म्हणाल्या आणि साडीची घडी घालू लागल्या.

म्हणून इथंही मागत नाही, ताई.